अडीच फुटी दार

परवा आमच्या वास्तुविशारद पुतण्याला सहज विचारले, "घरात दारं किती रे?" आमच्या जुन्या घराच्या दुरुस्तीचा नकाशा त्यानेच ऑटोकॅडमध्ये काढला आहे. पठ्ठ्याने एकही दार मोजले नाही! नकाशातले दार म्हणजे नुसत्या चार रेघा नव्हेत म्हणे. त्या 'ब्लॉक'च्या पोटात रुंदी, उंची, लाकूड असे 'अ‍ॅट्रिब्यूट' भरून ठेवलेले असतात. 'डेटा एक्स्ट्रॅक्शन'ची आज्ञा सुटली की सारे पंगतीला बसल्यासारखे रांगेत येतात. मग ती यादी एक्सेलच्या तक्त्यात धाडा, अ‍ॅक्सेसच्या कोठारात धाडा, नाहीतर स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या सीएसव्ही फाइलीत. स्वल्पविरामाची ही प्रतिष्ठा पाहून आमच्यातला मराठीचा मास्तर सुखावला. उत्तरपत्रिकांत तो औषधालाही सापडत नाही!

यादी सुताराकडे गेली. पुढे आईच्या चाकांच्या खुर्चीसाठी तिच्या खोलीचे दार तीन फुटी करायचे ठरले. पुतण्याने नकाशा दुरुस्त केला आणि आम्ही निर्धास्त झालो. चार दिवसांनी सुताराचा फोन आला, "सगळी अडीच फुटीच ना?"

नकाशातच मांडलेला तक्ता मूळ चित्राशी जोडलेला राहतो, तो ताजा करता येतो. बाहेर धाडलेली फाइल मात्र पेटीत टाकलेल्या पत्रासारखी. मागाहून बदललेले मन तिला कळत नाही. पुतण्याने जीभ चावली, यादी पुन्हा काढली. लाकूड अजून कापायचे होते, हे आमचे नशीब.

आई म्हणाली, "त्याला म्हणावं, आधी माझ्या खुर्चीचं माप घेऊन जा."