बिऱ्हाड आणि घर



दुबईत करामा वा देरा येथील जुन्या इमारतीत नवे बिऱ्हाड थाटले की प्रथम नजरेस पडतात त्या उणिवाच : ओल धरलेली भिंत, गळणारा नळ, घरघरणारा एसी. हे घर आपले कधी वाटणार, हा प्रश्न मनास भेडसावतो.

आमच्या मते घराविषयीचा जिव्हाळा आयता लाभत नाही. तो श्रमांतून जडतो. मात्र श्रमांपूर्वी हक्क जाणून घ्यावेत. दुबईच्या २००७ सालच्या २६ क्रमांकाच्या कायद्यानुसार, करारात वेगळे ठरले नसल्यास दुरुस्तीची जबाबदारी घरमालकाची असते; भाडेकरूने त्याच्या परवानगीवाचून फेरबदल करावयाचे नसतात. म्हणून करारपत्र नीट वाचावे, तक्रार लेखी द्यावी. स्वच्छता, पडदे आणि पुस्तकांचे कपाट ही कामे मात्र आपली.

छपराचे मोल आपणांस कोणी सांगावयास नको. १९१७ साली अमेरिकेत व इंग्लंडमध्ये शिकून बडोद्यास नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांना जातीपायी पारशी धर्मशाळेतून हाकलण्यात आले. मित्रांनीही आसरा देण्याचे टाळले. त्याच बाबासाहेबांनी पुढे दादरला ‘राजगृह’ उभारले आणि त्यात ग्रंथांना मानाचे स्थान दिले.

तेव्हा नळ दुरुस्त झाला, भिंत रंगली, तरी एक काम उरतेच. गावाकडून नव्याने आलेला कोणी कामगार दारी उभा राहिला, तर आडनाव न विचारता त्याच्यापुढे ताट वाढले जावे. त्या दिवशी बिऱ्हाडाचे घर होईल.

जयभीम!

— संपादक मंडळ