मॉलला नावे ठेवण्यापूर्वी

मराठी विभागाच्या चर्चासत्रात 'मॉल' हा शब्द उच्चारला गेला की पुढे काय येणार, हे श्रोत्यांना आता पाठ झाले आहे. चंगळवाद, जागतिकीकरण, माणसाचे ग्राहकात झालेले रूपांतर आणि समारोपाला हमखास तुकोबा. आम्ही देहूत राहतो आणि पिंपरी-चिंचवडच्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. त्यामुळे या खटल्यातला साक्षीदार आणि आरोपी दोघेही आमच्या रोजच्या वाटेवरचे आहेत. हा खटला आम्हांला अमान्य आहे. त्यात मॉलवर अन्याय होतो, हे त्याचे कारण नव्हे. मॉलचा खरा अपराध त्यात नोंदलाच जात नाही, हे कारण आहे.

आधी साक्षीदाराविषयी. तुकोबा वाणी होते. घराण्याकडे देहूच्या पेठेची महाजनकी होती. मुद्दल, लाभ, माप, दिवाळे हे शब्द त्यांच्या अभंगांत उसने आलेले नाहीत, ते दुकानातून आलेले आहेत. १६३० च्या दुष्काळाने त्यांचे घर आणि व्यापार दोन्ही मोडले. परंपरा सांगते, की त्यांनी कर्जखतांतला अर्धा वाटा धाकट्या भावाला, कान्होबाला, दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. बुडवली ती खते. तराजू बुडवला नाही. बाजार मुळातच त्याज्य, असा निष्कर्ष यातून निघत नाही. बाजारात कोण कोणाचे देणे लागतो आणि त्या देण्याने कोण बांधला जातो, एवढा प्रश्न मात्र निघतो. मॉललाही हाच प्रश्न विचारायला हवा.

तो विचारायचा तर मॉलमध्ये जाणाऱ्यांचे ऐकून घ्यावे लागते. आवडता मॉल कोणता, असे वर्गात विचारले की आमच्याकडे तीन नावे प्रामुख्याने येतात: चिंचवडगावातला एल्प्रो, पिंपरीतला सिटी वन आणि सप्टेंबर २०२३ मध्ये वाकडला उघडलेला फिनिक्सचा 'मॉल ऑफ द मिलेनियम'. वाकडचा भव्य आहे. दहा लाखांहून अधिक चौरस फुटांच्या त्या वास्तूत जाणे हीच एक सहल असते. एल्प्रोची बाजू घेणारे सांगतात, की तो गावात आहे, दुसऱ्या कामाला गेलो की सहज डोकावता येते. आमचे मतही एल्प्रोलाच. मोरया गोसावींची समाधी, चापेकर चौक, जुने गावठाण यांच्या शेजारात तो गावातल्या अनेक थांब्यांपैकी एक थांबा होऊन राहतो. वाकडच्या मॉलची सारी रचनाच अशी, की आत शिरल्यावर दुसऱ्या थांब्याची आठवण होऊ नये.

परंतु या उत्तरांत आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की त्यांतले एकही खरेदीपासून सुरू होत नाही. गारवा असतो. स्वच्छतागृह असते, आणि ते स्वच्छ असते. वस्तूवर किंमत छापलेली असते. घासाघीस करावी लागत नाही, आडनाव सांगावे लागत नाही. मुलींचे उत्तर सर्वांत छोटे असते: तिथे कोणी ओळखत नाही.

या चार शब्दांपुढे आपली आठवडे बाजाराची आणि पिंपळाच्या पाराची स्मरणरंजने तपासून पाहावीत. पारावर गप्पांचा फड जमत असे, हे खरे. त्या फडात बायका किती होत्या? नदीच्या घाटावर एखादी मुलगी पुस्तक घेऊन तासभर एकटी बसली, तर 'कुणाची गं तू?' हा प्रश्न आजही तिच्यापर्यंत पोचतो. पाराविषयी गहिवरून लिहिणाऱ्या समीक्षकांत बहुसंख्य पुरुष आहेत, आणि भर बाजारात आडोसा शोधत फिरण्याची वेळ त्यांच्यावर आलेली नाही. त्यांनी ज्याला चंगळ म्हटले, तिच्यात मोकळेपणाने बसायला मिळणे ही गोष्टही मोडते, याची त्यांना दखल नाही.

मग मॉलचा अपराध कोणता? हा मोकळेपणा तो देत नाही, उसना देतो. १९९९ साली मुंबईत हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स उघडला, तेव्हा काही काळ मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड नसलेल्यांकडून प्रवेशासाठी पैसे घेतले जात. आज असे शुल्क नाही. पण दारावरचा सुरक्षारक्षक आहे, आणि आत कोणी यावे हे ठरवणारा मालकच आहे. एल्प्रो उभा आहे तो जुन्या कारखान्याच्या आवारात. वाकडचा मॉल ज्या कंपनीचा, तिचे नाव आजही 'फिनिक्स मिल्स' असेच आहे. लोअर परळची तिची गिरणी जाऊन तिथे मॉल झाला. १९८२ चा संप हरलेल्या गिरणगावाची आठवण आता वाकडच्या पाटीवरही उरलेली नाही. कारखान्याच्या फाटकावर कामगाराला निदान द्वारसभा घेता येत असे. मॉलच्या फाटकावर कोणी सभा घेऊन पाहावी! उसन्या जागेत बसता येते, हक्क सांगता येत नाही. तुकोबांनी बुडवलेल्या खतांपेक्षा हे खत अधिक चिवट आहे, कारण ते कागदावर नाही.

टीका कशी असावी याचा नमुना आपल्याच परंपरेत आहे. पुण्याच्या मंडईची इमारत १८८६ साली 'रे मार्केट' म्हणून उघडली. तिच्यावरच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेचे सदस्य असताना विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. लोकांनी भाजी घेऊ नये, असे ते म्हणाले नाहीत. सार्वजनिक पैशातून आधी काय उभे राहावे, हे त्यांनी विचारले. आज त्याच मंडईला त्यांचे नाव आहे. नाव घेतले, प्रश्न मात्र मागेच राहिला.

२०१६ साली पिंपरीत ८९ वे साहित्य संमेलन झाले. अशा प्रत्येक संमेलनाचे यश आपण पुस्तकविक्रीच्या आकड्यांनी मोजतो आणि परिसंवादात बाजाराला नावे ठेवतो. ही सोयीची नीती आता पुरे. रात्री नऊपर्यंत उघडी असणारी अभ्यासिका, घाटावर दिवे आणि बसायला बाके, बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह, एवढे नगरपंचायतीकडे आणि महापालिकेकडे मागणारा ठराव मराठीच्या प्राध्यापकांनी करावा. ते मिळाल्यावरही आमच्या विद्यार्थिनी मॉलमध्ये गेल्या, तर त्यांच्या चंगळवादावर आम्ही आनंदाने निबंध लिहू.