सुरक्षा नेमकी कोणाची?



दोहा येथील एका प्रकल्पाच्या नियंत्रण कक्षात काम मिळाले, तेव्हा प्रवेशपत्रापूर्वी मूत्रतपासणी द्यावी लागली. मी संगणकापुढे बसणारा. तरी माझे पद ‘सुरक्षा-संवेदनशील’ यादीत होते. अपमान वाटला नाही, प्रश्न मात्र पडला : ही यादी कशाच्या आधारे ठरते?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे 1989 मध्ये हाच प्रश्न आला. सीमाशुल्क खात्यातील शस्त्रधारी आणि अमली पदार्थ पकडणारे कर्मचारी यांची तपासणी न्यायालयाने मान्य केली. परंतु गोपनीय कागद हाताळणाऱ्यांच्या गटात निरोपे आणि प्राणी सांभाळणारेही दिसताच तो भाग फेरविचारासाठी परत धाडला. यादी ऐसपैस झाली की सुरक्षा मागे पडते, पाळत उरते.

आता आपल्या महापालिका. बसचालकाविषयी वाद नाही. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम मद्याची मर्यादा मोटार वाहन कायद्याने प्रत्येक चालकाला घातली आहे. त्याच्या नशेची किंमत प्रवासी मोजतात. पण गटारात उतरणारा कामगार? काम जीवघेणे, म्हणून त्याचे नाव यादीत सहज चढेल. तो का पितो, हे आपल्या वस्त्यांत वाढलेल्यांना सांगायला नको. ‘कोर्ट’ या चित्रपटात अशाच कामगाराची विधवा साक्ष देते, की दुर्गंधी सोसावी म्हणून तो पिऊनच उतरत असे. तपासणीत सापडला म्हणून त्याला काढले, तर दुर्गंधी तिथेच राहील आणि दुसरा उतरेल, बहुधा त्याच वस्तीतला.

हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा 2013 चा कायदा 6 डिसेंबरपासून लागू झाला; त्या तारखेचे महत्त्व आपण जाणतोच. त्यातील ‘धोकादायक सफाई’ची व्याख्या कामगाराच्या अवस्थेवरून केलेली नाही. मालकाने संरक्षक साधने पुरवली का, खबरदारी घेतली का, हा तिचा निकष आहे. कतारनेही 2021 मध्ये उन्हाबाबत असेच केले : 1 जून ते 15 सप्टेंबर, सकाळी 10 ते दुपारी 3.30 उघड्यावरचे काम बंद. आर्द्रतेसह मोजलेली उष्णता 32.1 अंशांवर गेली, तर कोणत्याही वेळी बंद. मजूर किती दणकट, हे तिथे विचारले जात नाही. (अंमलबजावणी हा वेगळ्या लेखाचा विषय.)

ज्याच्या चुकीने इतरांचा जीव जाईल, त्याची तपासणी जरूर व्हावी. ज्याचा स्वतःचाच जीव कामामुळे जाईल, तिथे आधी वायू मोजला जावा, यंत्र आणले जावे. आणि वायू न मोजता झाकण उघडून ‘उतर’ म्हणणारा पर्यवेक्षक? सुरक्षा-संवेदनशील पदांच्या यादीत पहिले नाव त्याचे असायला हवे.