डोके आपले, रंगही आपला

जयंती जवळ आली की वस्तीत लगबग सुरू होते. वर्गणी, पताका, मिरवणुकीचा मार्ग, ध्वनिक्षेपकाची परवानगी, हे सारे ओघाने आलेच. अलीकडे त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. कॉलेजात जाणारी आपली काही मुले-मुली १४ एप्रिलच्या आधी घरच्या घरी केस निळे करू लागली आहेत. कुणी एखादी बट रंगवते, तर कुणी सगळे डोके. मग घरात वाद पेटतो आणि तो मिटवायला आम्हा कार्यकर्त्यांना बोलावणे येते. वडील म्हणतात, "उद्यापासून हिचे कॉलेज बंद!" आजी म्हणते, "ही कसली थेरं?" आणि शेजारीपाजारी काय म्हणतील, ही धास्ती सगळ्यांनाच असते.

केसांवरून मुलीचे शिक्षण बंद करण्यापर्यंत पाळी जात असेल, तर हा विषय थट्टेवारी नेण्यासारखा नाही. म्हणून या वेळी त्यावरच बोलू.

डोक्यावरचे केस ही आपल्या समाजात कधीच क्षुल्लक बाब नव्हती. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात साताऱ्याच्या बालपणाची हकीकत सांगितली आहे. गावात न्हावी होते आणि घरात पैसेही होते, पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हते. म्हणून सगळ्या भावांचे केस मोठी बहीण घरीच कापीत असे. दुसरीकडे, विधवा बाईचे डोके तिला न विचारता भादरले जात होते. त्याविरुद्ध सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी संप केला. एकाच्या डोक्याला हात लावायचा नाही आणि दुसरीच्या डोक्यावर केस ठेवायचे नाहीत, असे दोन्ही हुकूम एकाच व्यवस्थेचे होते.

डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेब आपल्या महिलांशी बोलले. लुगडे नेसण्याची पद्धत बदला, ज्यावरून जात ओळखली जाते ते जड दागिने सोडा, असे त्यांनी सांगितले. अंगावर काय असावे हे दुसऱ्याने ठरवू नये, हा त्यातला अर्थ आम्हाला फार मोलाचा वाटतो. आपल्या आज्या-पणज्यांनी तो मनावर घेतला. तेव्हाही गावाने नाके मुरडलीच असतील.

मग आज आपल्याच घरातली मुलगी स्वतःच्या केसांचा रंग स्वतः ठरवते, तेव्हा आपण गावासारखे का वागावे? रंगीत केसांचा मुलगा दिसला की "टपोरी आहे" म्हणायचे, मुलगी दिसली की "वाया गेली" म्हणायचे, ही माणसाला वरून पारखण्याची सवय आपण फार सोसली आहे. ती निदान आपल्या उंबऱ्याच्या आत तरी नको.

मुलांनाही आमचे एक सांगणे आहे. केस निळे केल्याने कोणी आंबेडकरवादी होत नाही. निळा रंग डोक्यावर चढवणे सोपे आहे, तो आचरणात उतरवायला अभ्यास लागतो. श्रामणेर दीक्षेत आधी मुंडण करतात आणि केस, लोम, नख, दात, त्वचा यांवर चिंतन करायला सांगतात. शरीर अनित्य आहे हे कळावे, एवढाच त्याचा हेतू. तेव्हा केसांची हौस जरूर करा, पण केसांचा अहंकार नको. फीचे किंवा पुस्तकांचे पैसे त्यात घालू नका. नोकरीची मुलाखत किंवा रुग्णालयातले प्रशिक्षण तोंडावर असेल, तर थोडे थांबा.

आता कामाचे बोलू. पार्लर परवडत नाही म्हणून हे काम घरी होते, आणि खरा धोका तिथे आहे. आपल्या काळ्या केसांवर निळा, जांभळा, गुलाबी रंग थेट दिसत नाही. आधी केसांतला काळा रंग ब्लीचने काढावा लागतो. हे ब्लीच म्हणजे पावडर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे मिश्रण. पेरॉक्साइडच्या बाटलीवर '२० व्हॉल्यूम' असेल तर त्यात सहा टक्के पेरॉक्साइड असते, '४०' म्हणजे बारा टक्के. लवकर उरकावे म्हणून मुले जास्तीचे आणतात आणि टाळू भाजून घेतात. घरी विसाच्या वर जाऊ नये. फरशी-संडास धुण्याचे ब्लीच तर चुकूनही केसांना लावू नये.

कामाच्या ४८ तास आधी रंगाचा थेंब कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. खाज, लाली, पुरळ आले तर तो बेत सोडावा. काळ्या मेंदीत आणि बऱ्याच पक्क्या रंगांत पीपीडी नावाचे रसायन असते, ते काहींना अजिबात सोसत नाही. चेहरा सुजला, श्वास लागला तर घरगुती उपाय न करता तडक रुग्णालय गाठावे. ज्या केसांना काळी मेंदी लावली आहे, त्यांवर ब्लीच लावू नये. काही मेंद्यांत धातूंचे क्षार असतात. पेरॉक्साइड लागताच केस तापतात आणि तुटतात.

हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, भांडे प्लास्टिकचे किंवा काचेचे घ्यावे. पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नये. भुवया-पापण्यांना काहीही लावू नये. उरलेले मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नये, आत वायू साठून बाटली फुटते. डबे-पाकिटे कुलपात ठेवावीत. पीपीडीचा रंग लहान मुलाच्या पोटात गेला, तर घसा सुजतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशा वेळी उलटी करवण्यात वेळ न घालवता पाकिटासह दवाखान्यात धावावे.

आमचा सल्ला विचाराल तर फक्त टोके किंवा एखादी बट रंगवावी. ब्लीच टाळूला लागत नाही, खर्च थोडा येतो आणि नको वाटले तर कापून टाकता येते. केस नीट फिकट झाले नाहीत तर पिवळ्यावर निळा बसून हिरवा दिसतो, हेही ध्यानात ठेवावे. हा रंग धुण्यागणिक उतरतो. जयंतीच्या उन्हात घाम आला की पांढऱ्या शुभ्र साडीवर नि सदऱ्यावर निळे ओघळ येतात, म्हणून दोन-तीन दिवस आधी रंगवून, थंड पाण्याने धुऊन घ्यावे.

आईवडिलांना शेवटची विनंती. मुलगी दार लावून चोरून रंगवील, तर घाईत डोळ्यात ब्लीच जाईल आणि मदतीला कोणी नसेल. त्यापेक्षा जवळ बसा. पाकिटावरची सूचना तिला मोठ्याने वाचायला लावा, घड्याळ तुमच्या हातात ठेवा. मागचे केस तिला दिसत नाहीत, तिथे ब्रश तुम्ही फिरवा. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला निघाली की शेजारी विचारतीलच. तेव्हा "आम्हीच लावून दिला" एवढे म्हणा. पुष्कळ तोंडे तिथेच बंद होतील.

जय भीम!