सोवळ्यातली सी आणि आपली पोरं



मुदखेडच्या आमच्या विहारात दर रविवारी अभ्यासिका चालते. मागच्या महिन्यात बारावी झालेली एक मुलगी वही घेऊन आली. नांदेडच्या एका क्लासला महिनाभर रोज रेल्वेने गेली होती. आता जाणार नाही म्हणाली. "दादा, मला प्रोग्रामिंग जमत नाही. माझं डोकंच नाही त्यातलं."

मी वही पाहिली. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. तिने घरचाच हिशेब प्रोग्राममध्ये मांडला होता: किती टन ऊस तोडला, टनाला दर किती, मुकादमाकडून उचल किती, फेडून हाती काय राहिलं. उचल टाकली ५०,०००. संगणकाने दाखवली उणे १५,५३६. सरांनी "तुझं बेसिक कच्चं आहे" म्हणून वही परत केली.

मित्रांनो, कच्चं त्या पोरीचं बेसिक नव्हतं. क्लासमध्ये टर्बो सी प्लस प्लस शिकवत होते. हे १९९० च्या आसपासचं, डॉसच्या जमान्यातलं सॉफ्टवेअर. सी प्लस प्लस भाषेचं पहिलं अधिकृत मानक १९९८ साली आलं, हे त्याच्याही आधीचं. त्यात साध्या पूर्णांकाला सोळा बिटांची जागा मिळते. ३२,७६७ च्या वरचा आकडा त्यात मावत नाही, तो फिरून उण्यात जातो. ५०,००० मधून ६५,५३६ वजा करून बघा. तोच आकडा येईल. मुलीचा तर्क बरोबर, गणित बरोबर, तीस वर्षांपूर्वीचं अवजार तोकडं. पण दोष कोणाच्या माथी? पोरीच्या डोक्याच्या.

"तुझं डोकंच नाही" हे वाक्य आपल्याला नवं आहे का? आपल्या आज्या-पणज्यांनी हेच ऐकलं. तेव्हा ते धर्माच्या नावाने सांगितलं जायचं, आता बेसिकच्या नावाने सांगितलं जातं.

आणि वाईट याचं वाटतं की हे सांगणाऱ्यांत आपलेही आहेत. पुण्याला, हैदराबादला आयटीत लागलेले आपले काही भाऊ जयंतीला गावी येतात आणि पोरांना ठासून सांगतात, "आधी सी शिका. सी शिवाय प्रोग्रामर होत नाही. पायथन म्हणजे पोरखेळ." हे तर नवं सोवळं झालं! अमुक पाण्याने आंघोळ केल्याशिवाय गाभाऱ्यात यायचं नाही म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

सी वाईट आहे असं मी म्हणत नाही. स्मृती कशी वापरली जाते, पत्ता म्हणजे काय, यंत्र आतून कसं चालतं, हे सी इतकं स्वच्छ फार थोड्या भाषा शिकवतात. बीसीए, बीएस्सीच्या परीक्षेत ती येते, तेव्हा शिकावीच लागेल. वाद फक्त क्रमाचा आहे. सीमध्ये दोन आकड्यांची बेरीज करायला हेडर फाइल, मुख्य फंक्शन, प्रत्येक चलाचा प्रकार, वाचताना अँपरसँड, ओळीच्या शेवटी अर्धविराम एवढं सगळं आधी लागतं. सर म्हणतात, "आत्ता नुसतं पाठ कर, पुढे कळेल." न कळता पाठ करायचं? घोकंपट्टीची ही परंपरा कोणाची, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

पायथनमध्ये तोच उचलीचा हिशेब चार-पाच ओळींत होतो. पूर्णांक कितीही मोठा असला तरी मावतो. चलाला 'उचल' किंवा 'टन' असं देवनागरीत नावही देता येतं. आकडा मागताना पोरीने '५००००' मराठी अंकांत टाइप केला तरी पायथन त्याचं संख्येत रूपांतर करतो. शिवाय पायड्रॉइडसारखं अ‍ॅप घेतलं की हे सगळं साध्या अँड्रॉइड मोबाईलवर, इंटरनेट नसतानाही चालतं. मोबाईलवर सीसुद्धा चालते, हेही मान्य. पण पहिल्याच दिवशी पोरीच्या पदरात उत्तर पडलं पाहिजे, तरच ती दुसऱ्या दिवशी येते. दोन-तीन महिने पायथन, मग खुशाल सी. तेव्हा तिला सोळा बिटांची गोष्ट सांगा. ती हसेल आणि जन्मात विसरणार नाही.

आता पुस्तकाचं. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'वर देशभरातल्या पिढ्या सी शिकल्या. नागपूरच्या माणसाचं पुस्तक, पण मुदखेडच्या पोराला आडवी येते ती त्यातली इंग्रजी. सीमध्ये राखीव शब्द मूळचे ३२, पायथनमध्ये ३५. एवढे इंग्रजी शब्द आठवड्यात पाठ होतात. म्हणजे भिंत भाषेत नाही, ती समजावून सांगणाऱ्या पुस्तकात आहे.

इथे काही कार्यकर्ते चिडतील. "सावित्रीमाईंनी इंग्रजी शिका म्हणून सांगितलं, बाबासाहेब कोलंबियाला गेले, आणि तुम्ही आमच्या पोरांना मराठीत कोंडता? त्यांची पोरं कॉन्व्हेंटमध्ये!" हा राग मला मान्य आहे. इंग्रजी हवीच, आजच हवी, रोज तासभर हवी. पण तर्क आणि परकी भाषा या दोन भिंती एकाच वेळी चढायला लावल्या तर पोर दोन्हींवरून पडतं. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं. मराठवाड्यातल्या मराठी पोरांनी परक्या माध्यमाचा मार खाल्लेला आहे. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं ते याच मागासलेल्या मुलखात, शिक्षण पोरांच्या जवळ आणण्यासाठी.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी समजावणं मराठीत, तांत्रिक शब्द इंग्रजीतलेच. व्हेरिएबलला व्हेरिएबलच म्हणा, बोजड संस्कृत प्रतिशब्दांनी नवी पोथी करू नका. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात प्रोग्रामिंगचे धडे मराठी आवाजात फुकट आहेत. मग एनसीईआरटीचं अकरावीचं संगणकशास्त्राचं पुस्तक घ्या. ते पायथनवरच आहे, इंग्रजीत आहे, फुकट उतरवून घेता येतं. त्यानंतर अ‍ॅलन डाउनी यांचं 'थिंक पायथन', तेही फुकट. तिथपर्यंत पोचलेल्या पोराला कुठलंही इंग्रजी पुस्तक अडवणार नाही. आणि एमएससीआयटीचं सर्टिफिकेट मिळालं म्हणजे संगणक आला, या भ्रमात राहू नका. संगणक वापरणं वेगळं, संगणकाला कामाला लावणं वेगळं.

विहार समित्यांना हात जोडून एकच विनंती. येत्या १४ एप्रिलला डीजे एक रात्र कमी वाजवा. त्या भाड्यात विहारात एक जुना लॅपटॉप येतो. आणि आयटीतल्या भावांनो, जयंतीला याल तेव्हा भाषण देऊ नका, दोन तास पोरांच्या शेजारी बसा.

ती मुलगी पुढच्याच रविवारी परत आली. मोबाईलवर हिशेब मांडला, उचल वजा केली, आणि बापाने मुकादमाकडून लिहून आणलेल्या चिठ्ठीशी ताडून पाहिला. आकडे जुळले नाहीत. या वेळी तिला स्वतःच्या डोक्याचा संशय आला नाही. तिने मुकादमाला फोन लावला.

'रुपयाचा प्रश्न' लिहिणाऱ्या बापाची लेक आहे ती. तिला हिशेब विचारता आला पाहिजे.

जय भीम!