सुईआधीची दोन मिनिटं

बडोद्याजवळ पिपरियाच्या के. एम. शाह दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांसाठी स्वतंत्र विभाग आहे. पण दाढ ठणकली की बहुतेक मुलं आधी पोचतात ती गल्लीतल्या दवाखान्यात, आणि सुईची भीती तिथेच बसते किंवा जाते. दात बधिर करणारी ही सुई बरेचदा टोचण्यापेक्षा औषध भराभर ढकलल्यानं जास्त दुखते. टाळूचं आवरण हाडाला घट्ट चिकटलेलं, तिथे औषधाला पसरायला जागाच नसते. शिवाय बधिर करणारं औषध, म्हणजे अॅड्रेनलिन मिसळलेलं लिग्नोकेन, आम्लधर्मी, म्हणून चुरचुरतं. आधी बधिर करणारी जेली लावून थोडं थांबणं, टोचताना गाल हलवत राहणं (मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या वेदनेच्या फाटकाच्या सिद्धान्तात हे बसतं) आणि एक मिलिलिटर औषधाला पूर्ण मिनिट देणं, याला औषध हळू सोडणारं यंत्र लागत नाही. मुलांनी ही सुई सहज घ्यावी यासाठीच्या अभ्यासांच्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात कोणत्याच एका उपायाला ठाम पुरावा मिळाला नाही, हा आक्षेप खरा. पण तो महागड्या यंत्रांच्या खरेदीविरुद्ध जातो, सबुरीविरुद्ध नाही. बाहेर रांग लागलीय, ही सबबही लंगडीच: किंचाळणाऱ्या पोराला धरून बसवण्यात याहून जास्त वेळ जातो. आईबाबांनो, 'काही दुखणार नाही' असं खोटं मात्र घरून सांगून आणू नका.