कुटबणचा धडा : मासळीचे खाते वेगळे, पाण्याचे खाते वेगळे

२०२४ मध्ये मासेमारीचा हंगाम सुरू होऊन महिना उलटतो न उलटतो तोच दक्षिण गोव्यातील कुटबण जेटीवर कॉलऱ्याची साथ पसरली. ट्रॉलरवर राबणाऱ्या परराज्यांतील खलाशांचे त्यात बळी गेले. पिण्याचे पाणी, शौचालये आणि स्वच्छता यांची धावपळ सुरू झाली ती साथ आल्यानंतर. ही घटना केवळ आरोग्य खात्याची बाब मानून विसरली जाण्याचा धोका आहे. वस्तुतः साळ नदीच्या मुखाशी मासळी आणि पाणी यांचा कारभार किती विस्कळीत झाला आहे, हेच तिने दाखवून दिले.

वेर्णा परिसरात उगम पावणारी साळ सासष्टीतून वाहत बेतूल येथे अरबी समुद्राला मिळते. वाटेत मडगाव शहर आणि दाट वस्तीची गावे तिच्या काठाशी येतात. त्यांच्या सांडपाण्याचा भार ही नदी वाहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी तयार केली. तीत गोव्याचे ११ पट्टे होते आणि खारेबांध ते मोबोर हा साळ नदीचा पट्टा त्यांपैकी एक होता. कुटबण जेटी याच पट्ट्याच्या शेवटच्या टप्प्यावर आहे. त्याआधी २०१६ मध्ये राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली नावेली येथील प्रदूषण रोखण्यासाठी सुमारे ६२ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला होता. म्हणजे साथीच्या आठ वर्षे आधीच दुखणे सरकारदरबारी मान्य होते.

किनारी पाण्याच्या सरकारी वर्गवारीत स्नान, जलक्रीडा आणि व्यावसायिक मासेमारी यांना एकाच वर्गात ठेवले आहे. या वर्गातील १०० मिलिलिटर पाण्यात मलजन्य कोलिफॉर्म जीवाणूंची संख्या १०० पेक्षा जास्त असू नये आणि विरघळलेला प्राणवायू लिटरमागे ४ मिलिग्रॅमहून कमी असू नये, असा दंडक आहे. जे पाणी अंघोळीला योग्य नाही ते मासेमारीलाही योग्य नाही, असे नियमच सांगतो. तरीही पाण्याचा अहवाल प्रतिकूल आला म्हणून मच्छीमार खात्याने पुढे काय करायचे, याचा दंडक कोठेच दिसत नाही.

मासेमारीचे नियम आहेत, पण त्यांची नजर समुद्रावर आहे. रापणकारांच्या प्रदीर्घ आंदोलनानंतर १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यालगतचा पाच किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. जाळ्याच्या आसाची किमान मर्यादा कोळंबीसाठी २० आणि माशांसाठी २४ मिलिमीटर ठरली. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी पाळली जाते. या सर्वांचा हेतू एकच : पिल्ले वाचावीत, वाढावीत. परंतु कोळंबीची आणि अनेक माशांची पिल्ले वाढतात ती खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात. समुद्रात आस मोजायचा आणि खाडीत सांडपाणी सोडू द्यायचे, ही विसंगती कोणत्याही बंदीने भरून निघणार नाही.

तिसऱ्या, शिनाणे आणि कालवे यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. हे जीव पाणी गाळून अन्न मिळवतात. त्यामुळे पाण्यातील जीवाणू त्यांच्या शरीरात साठतात. युरोपीय संघात शिंपल्यांच्या उत्पादनक्षेत्रांची अ, ब, क अशी वर्गवारी केली जाते आणि केवळ ‘अ’ वर्गातील माल प्रक्रियेविना थेट ग्राहकाकडे जाऊ शकतो. गोव्यात २०१८ मध्ये परराज्यांतून येणाऱ्या मासळीतील फॉर्मेलिनवरून वादळ उठले आणि सीमेवर तपासणी सुरू झाली. आपल्याच खाडीतील शिंपल्यांबाबत तेवढी जागरूकता दिसली नाही.

याचे मूळ जबाबदारीच्या वाटणीत आहे. होड्यांची नोंदणी मच्छीमार खात्याकडे, जलमार्ग बंदर कप्तान खात्याकडे, पाण्याचे नमुने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, मलवाहिन्या महामंडळाकडे आणि कचरा पंचायत व पालिकेकडे. प्रत्येकाचा कागद पूर्ण असतो. खाडी मात्र कोणाचीच नसते.

उपाय अवघड नाहीत. पाण्याचे मासिक अहवाल मराठी आणि कोकणीत प्रत्येक जेटीवर लावावेत. शिंपल्यांच्या क्षेत्रांची वर्गवारी करावी. खलाशांसाठी शौचालय आणि पिण्याचे पाणी असल्याखेरीज जेटीवरून हंगाम सुरू करण्यास परवानगी देऊ नये. आणि साळ नदीच्या मुखासाठी एकच उत्तरदायी अधिकारी नेमावा. १ ऑगस्टला दरवर्षी होड्या समुद्रात जातात. त्या दिवसापूर्वी पाणी तपासले गेले का, हा प्रश्न तेव्हा किमान एका माणसाला विचारता येईल.